कळांच्या खोलीबाहेर

सोमवार, ३ मार्च

चेंडू आले! चार. निळे, कमरेइतके उंच, सोबत पंप. लेबर रूममध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे चार पाहुणे कोपऱ्यात ठाण मांडून बसलेत. सकाळपासून दोनदा अडखळले.

चेंडूंबरोबर एक बाईही आली. तिशीच्या आतबाहेरची, पांढरे बूट, आवाज मऊ-मऊ. सहा आठवडे, दर सोमवारी आणि गुरुवारी, आम्हा नर्सना शिकवणार म्हणे — बाळंतपणाच्या कळा औषधाविना हलक्या कशा करायच्या ते. श्वास, शेक, मालिश, बसण्या-उठण्याच्या तऱ्हा. मेट्रननी ओळख करून दिली, "यांच्याकडून सगळ्यांनी शिकून घ्या." सगळ्यांनी म्हणजे मीही! सव्वीस वर्षं या खोलीत उभी आहे मी. बायकांच्या कमरा दाबून दाबून अंगठे वाकडे झाले. आता शिकून घेते.

मी तिचं नाव चेंडूबाई ठेवलं. मावशींना फार आवडलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी आया, माझ्याही आधीची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या मजल्यावर तेच नाव झालं होतं. तेवढंच सुख.

दुपारी तिनं विचारलं, "पाठीतून कळा येत असतील तर तुम्ही काय करता?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग दाखवलं. माकडहाडाच्या वर चार बोटं, मनगटाकडचा तळहात तिथे टेकवायचा आणि कळ चढायला लागली की अंगाचा सगळा भार त्यावर. चोळायचं नाही. रेटून धरायचं. कळ उतरली की हात सैल, पण उचलायचा नाही. चेंडूबाईनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, याला एक नाव आहे. असेल. मी नाव न घेताच करत आले.

मंगळवार, ४ मार्च

नवा कागद सुरू झाला. दर तासाला बाईला विचारायचं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? आकडा लिहायचा, सही करायची.

एक म्हणाली, "तुम्ही उभ्या आहात म्हणून पाच. गेलात तर दहा." मी पाच लिहिलं. तुम्ही उभ्या आहात, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

रविवार, ९ मार्च

हे इस्त्री करत होते. ह्यांना काही अवघड सांगायचं असलं की हे इस्त्री काढतात. सव्वीस वर्षं लेबर रूमची आणि तीस वर्षं ह्यांची, दोन्हीकडची लक्षणं मला पाठ आहेत.

"ठकूनं ठरवलंय म्हणे," हे म्हणाले, "आत कुणाला घ्यायचं ते."

ठकू म्हणजे आमची लेक. एकुलती एक. सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढते, आता नववा लागेल. तिनं नाव घातलंय त्या छोट्या नर्सिंग होममध्ये बाळंतिणीजवळ घरचं किंवा ओळखीचं एकच माणूस थांबू देतात. मी म्हटलं, "ठरवायचंय काय त्यात? मीच की." मी रजेचा अर्जसुद्धा दिलाय. वॉर्डात सगळ्यांना सांगून झालंय, या खेपेला माझी स्वतःची लेक!

ह्यांची इस्त्री एकाच बाहीवर चारदा फिरली. मग एकेक बाहेर आलं. शनिवारी कुठल्या तरी क्लासला जाते ठकू. श्वास-बिस शिकवतात. ती शिकवणारी बाईच आत थांबणार. जावयाला रक्त बघवत नाही, तेव्हा त्याचा प्रश्नच नाही.

"आणि मी?"

"तिनं सांगितलंय —" हे शर्टाकडे बघत म्हणाले, "आईला म्हणावं, तू आत नकोस."

वडिलांकरवी निरोप! माझ्याशी तोंडानं बोलायची सोय नाही. परक्या बायका माझा हात सोडत नाहीत. एकीनं तर परवा मनगटावर नखं रुतवली, अजून वण आहेत. आणि जिला मी स्वतः जन्म दिला तिला मी नको. का, ते ह्यांना माहीत नाही. मलाही नाही. काय कमी केलं मी तिचं?

संध्याकाळी दोनदा फोन हातात घेतला. ठेवला. विचारणार नाही. मला काय पडलीये?

गुरुवार, १३ मार्च

आज पहिलटकरीण होती, एकोणीस वर्षांची. पडलेली असतानाही पलंगाची दांडी सोडेना. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, मुठी आवळलेल्या. अशी बाई कळेशी भांडत बसते, आणि कळ काही हरत नाही.

आधी तिला उठवून उभं केलं. म्हटलं, दुखायला आत्ताच लागलंय, पडून राहून लवकर संपत नाही ते. खिडकी ते दार, दार ते खिडकी. कळ आली की माझ्या गळ्यात हात टाकून लोंबायचं. मग जबडा. जबडा सोड गं, ओठ सैल, गरम चहावर फुंकर घालतेस तशी फुंकर, लांब. श्वास घ्यायची काळजी करू नकोस, तो आपोआप येतो. सोडायचं तेवढं बघ. ओरडायचंय? ओरड, पण जाड आवाजात, पोटातून. किंचाळलीस की गळा आवळतो आणि खालचंही आवळतं. कमरेला गरम पाण्याची पिशवी. प्रत्येक कळ उतरली की सांगायचं, ही गेली, ही परत येणार नाही, पुढची वेगळी.

सहा तास. दोन वाजून दहा मिनिटांनी मोकळी झाली. टाका एकसुद्धा नाही.

चेंडूबाई पूर्ण वेळ भिंतीला टेकून बघत होती. नंतर हात धुताना शेजारी आली. म्हणाली, "सिस्टर, मी पुस्तकातून शिकले, तुमच्या हाताला कळतं." बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं. मग म्हणाली, "माझ्या शनिवारच्या क्लासला याल एकदा? एक मुलगी आहे, महिन्याभरात होईल. नकाशे काढते. बाकी सगळं छान करते, पण पाठीला हात लावू देत नाही. लावला की श्वासच धरते."

नळ चालूच राहिला. मी विचारलं, "तिची आई नाही का?"

"आहे ना. कुठल्याशा ऑफिसात आहे म्हणाली. फायलींचं काम."

फायलींचं काम!

रजेचा अर्ज दिलाय, जमणार नाही, म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

ठकूचा फोन नाही. माझाही नाही. हे मध्येच उठून बाल्कनीत जातात आणि हळू आवाजात बोलतात. मला ऐकू येत नाही असं ह्यांना वाटतं.

मंगळवार, १८ मार्च

एक चेंडू बसला. कुणी सुई टोचली म्हणे. टोचली असेल. वॉर्डात सुयांना काय तोटा!

मेट्रननी चौकशी केली. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मालच हलका असेल."

रविवार, २३ मार्च

ठकू आली. एकटीच, रिक्षानं. पोट अगदी खाली उतरलंय, चालताना कमरेवर हात. मी सवयीनं बघितलं — डोकं खाली आहे, पण बाळाची पाठ हिच्या पाठीकडे असावी, बेंबीजवळ पोट बसकं दिसत होतं. असं असलं की कळा पोटात कमी आणि पाठीत जास्त. बोलले नाही. फायलींचं काम करणाऱ्या बाईला काय कळतं त्यातलं?

चहा झाला. हे इस्त्री काढायला उठले, मी म्हटलं, बसा.

मीच तोंड उघडलं. गाव माझं नाव घेतं, आणि तू मला ऑफिसात बसवलंस? लाज वाटते माझी? काय वाईट केलं मी तुझं? आवाज चढला. माझा चढतोच.

ती शांत. लहानपणापासून अशीच. मी ओरडले की ही शांत. मग म्हणाली, "आई, मी नऊ वर्षांची होते. शाळा अर्ध्यातच सुटली होती, बाबा बाहेरगावी होते. तू मला वॉर्डात घेऊन गेलीस आणि बाकावर बसवलंस, लेबर रूमच्या समोर. आठवतं?"

मी म्हटलं, कितीदा बसवलं असेल.

"त्या दिवशी दार उघडं होतं. आत एक बाई ओरडत होती, आईला बोलवा, आईला बोलवा. तू तिला म्हणालीस, नऊ महिन्यांपूर्वी बोलवायची होतीस आईला. सगळ्या हसल्या. आणि मग तू तिच्या मांडीवर मारलंस. दोनदा. एक मी पाहिली. दुसरी ऐकली."

हे माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, मला आठवत नाही. खरंच म्हटलं, ठकू, मला ही बाई आठवत नाही. तेव्हाचे दिवस तुला काय माहीत? एका खाटेवर दोन-दोन बाया, खाली जमिनीवर आणखी चार. आणि मी एकटी. बाळाचं डोकं बाहेर दिसतंय आणि बाई पाय जुळवून घेते, अशा वेळी दोन मिनिटं वाया गेली तर पोर निळं पडतं. मारलं म्हणून पाय सोडले, पाय सोडले म्हणून पोर जगलं! तेव्हा सगळ्याच मारायच्या. मला शिकवणारीनं मला हेच शिकवलं. मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः म्हणायच्या, सिस्टर, जरा हात दाखवा हिला.

"जगलं असेल ना," ठकू म्हणाली. "तू बरोबरही असशील. पण तू माझी वेणी घालायला पाठीमागे बसायचीस ना, तेव्हा मी श्वास धरून बसायचे. रोज. शाळा संपेपर्यंत. माझं बाळ येताना मला श्वास धरायचा नाहीये, आई. एवढंच."

जाताना पाया पडायला वाकायला लागली. मी म्हटलं, वाकू नको, पोटावर दाब येतो. तेवढंच बोलणं झालं.

सोमवार, २४ मार्च

आणि मला वाटायचं, पोर वेणीला किती शहाण्यासारखी बसते! शेजारणींना कौतुकानं सांगायचे मी.

गुरुवार, २७ मार्च

मावशींना विचारलं. कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या करत होतो. म्हटलं, "मावशी, मी मारायचे का हो?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. "कुणाला?"

"बायकांना."

"मग! तुम्ही एकट्या होय? सगळ्याच मारायच्या." चादर झटकली. "पण तुमचा हात चांगला होता हो सिस्टर. दुसऱ्या उगाच चापटा मारत बसायच्या. तुमची एक बसली की बाई मोकळीच. तुमच्या ड्यूटीला काम लवकर उरकायचं."

म्हातारी मला शाबासकी देत होती.

मी घडी घालायची थांबले. मावशी म्हणाल्या, "का, कुणी तक्रार केली का? आता? इतक्या वर्षांनी?"

मारणं सोडलं केव्हा, हे आज दिवसभर आठवत होते. मला वाटायचं, वय वाढलं तशी मऊ झाले. लोकांनाही तेच सांगत आले. खरं म्हणजे छताला कॅमेरे लागले. भिंतीवर पाटी लागली, 'रुग्णाशी सौजन्याने वागा', खाली तक्रारीचा नंबर. त्या महिन्यात सोडलं. मग हातांना काम उरेना. बाई ओरडायला लागली की हात आपोआप उठायचा, त्याला कुठे तरी ठेवायला हवा होता, म्हणून तो पाठीवर ठेवला. आणि बाई निवली. असं शिकले मी. चेंडूबाईच्या वहीत जे लिहिलंय, त्याच्या आधीचं पान हे आहे. ते तिला कुणी सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

चेंडूबाईचा एक नियम आहे. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. प्रत्येक वेळी. मी पहिल्या दिवशी खो-खो हसले होते, म्हटलं, मूल बाहेर येईपर्यंत चौकशाच चालतील!

आज विचारलं. तिसऱ्या खेपेची बाई होती, सगळं माहीत असलेली. "पाठीला हात लावू का गं?" तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, चुकीच्या दवाखान्यात आल्यासारखं. मग म्हणाली, "नको. नुसत्या बसा."

नुसती बसले. चाळीस मिनिटं. हात मांडीवर. इतकं अवघड काम या खोलीत मी आजवर केलेलं नाही.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी सहाला जावयाचा फोन. पाणी गेलं. सातला आम्ही दोघं नर्सिंग होममध्ये. छोटी जागा, पिवळ्या भिंती, बाहेर चार खुर्च्या आणि एक बाकडं. ठकू आत. चेंडूबाई आत. मी बाहेर. सव्वीस वर्षांत मी कधी या बाजूला बसले नव्हते. या बाजूला आवाज फार मोठा येतो.

तिथे मला चेंडूबाईनं पाहिलं. मग जावयाकडे, मग परत माझ्याकडे. तिला कळलं. माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली आणि आत गेली. बाई बरी आहे.

अकरापर्यंत कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या. ओरडणं ऐकूनच मला समजलं. पोटातल्या कळेचा आवाज वेगळा, पाठीतल्या कळेचा वेगळा. बाळाची पाठ फिरलेलीच होती, त्या रविवारी बघितलं तशी. मध्येच आवाज बंद व्हायचा, एकदम. म्हणजे श्वास धरत होती. मी खुर्चीत बसून लांब फुंकर घालायचे. हे म्हणाले, "तुला काय होतंय?" जावई पाणी घेऊन आला.

साडेबाराला दार उघडलं. चेंडूबाई, घामानं भिजलेली, मनगट चोळत. "सिस्टर, सगळं पाठीतच आहे. आता ती म्हणते हात लाव, पण मी लावते ते बरोबर बसत नाही. घसरतं. तिला विचारलं, आईला बोलवू का?"

मी उठून उभी राहिले होते. चपलासुद्धा काढल्या होत्या.

"नको म्हणाली," चेंडूबाई म्हणाली. "म्हणाली, आईला विचारून ये, कसं करायचं ते."

मी म्हटलं, फिरा. तिला बाकड्यावर हात टेकून वाकायला लावलं, सगळ्यांसमोर. आधी ठकूला असंच हातापायांवर ओणवं करा, म्हणजे पोट लोंबेल आणि बाळाला फिरायला जागा होईल. आता इथे. चार बोटं वर. नाही, आणखी खाली. कोपर वाकवू नका, हाताचा जोर पुरत नाही, खांदा आणा वर, अंग टाका. असं. कळ सुरू होताना, शिगेला गेल्यावर नाही. आणि दमलात की दोन्ही हात कुल्ल्यांवर, बाजूंनी आत दाबायचं. माझा तळवा तिच्या कमरेवर होता आणि मी रेटत होते. जितकं ठकूसाठी होतं तितकं सगळं त्या बाईच्या पाठीत रेटलं. तिनं ओठ चावला, पण हूं की चूं केलं नाही.

ती आत गेली. दार लागलं. मी दारापाशीच उभी.

पुढची कळ आली. ठकू ओरडायला लागली, आवाज चढला, आणि मग तो तुटला नाही. जाड झाला. खाली उतरला. आणि शेवटी श्वास सुटला, लांब, गरम चहावर फुंकर घालतात तसा. दाराच्या या बाजूला मला ऐकू आला.

तीन वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. हे रडले. जावई रडला. मी बाकड्याखाली चपला शोधत बसले.

गुरुवार, १० एप्रिल

बाळ माझ्या हातात दिलं. दोन किलो नऊशे. कपाळावर तिच्या आजोबांसारखी आठी, आतापासूनच.

सगळे चहाला गेले तेव्हा ठकूनं मला जवळ बसवून घेतलं. माझा हात हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काल तिचा हात बसला ना बरोबर, तेव्हा कळलं मला, हा कुणाचा आहे." मग म्हणाली, "मी खूप विचार केला, आई. तू म्हणालीस ना, तुला ती बाई आठवतही नाही. खरंच आहे. एवढ्या धबडग्यात एखादा हात उठला असेल. तुझ्या मनात काही नव्हतं. मी दारात उभी आहे हेसुद्धा तेव्हा तुझ्या ध्यानात आलं नसेल. मीच उगाच इतकी वर्षं धरून बसले. आता सोडलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हं म्हटलं.

परवा घरी सोडणार. म्हणते, पहिले दोन महिने तुझ्याकडेच राहीन. बाळाला न्हाऊ तूच घाल.

शनिवार, १२ एप्रिल

ती बाई आठवते मला. कपाळावर जुनी खोक होती, उजव्या भुवईच्या वर. पहिली मारून मी मान वर केली तर दारात ठकू, दप्तर पोटाशी धरून. आमची नजरानजर झाली. मी जाऊन दार लावून घेतलं. परत आले आणि दुसरी मारली.